ह्यातला खरा कुठला?

घर एकच असतं, पण त्याचे कागद पुष्कळ असतात. तळमजल्याचा प्लॅन, पहिल्या मजल्याचा प्लॅन, गच्चीचा प्लॅन, चार बाजूंची चार एलिव्हेशन, निदान दोन सेक्शन, जिन्याचा तपशील, दारं-खिडक्यांचा तक्ता, नळाचा नकाशा, विजेचा नकाशा. साध्या दुमजली बंगल्यालासुद्धा पंधरा-वीस कागद सहज होतात. घरमालकाला त्यातला एक, फार तर दोन ठाऊक असतात. बाकीचे ज्यांच्यासाठी काढायचे ते लोक म्हणजे गवंडी, सेंटरिंगवाला, सळ्या वाकवणारा, सुतार आणि प्लंबर. प्रत्येकाला आपल्या कामापुरता कागद कळतो आणि तेवढाच तो बघतो. ह्या सगळ्या कागदांनी एकमेकांशी जुळतं बोलावं ही जबाबदारी ड्राफ्ट्समनची. मी आयुष्यभर हेच काम केलं. बेळगावात टी-स्क्वेअर हातात धरून सुरुवात केली आणि आता माउस हातात धरून निवृत्तीच्या जवळ आलो आहे. त्यामुळे एका कागदावरचा बदल दुसऱ्या कागदावर कसा पोचतो, ह्या विषयावर चार शब्द बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे, असं समजून हे लिहितो.

पूर्वी बदल म्हणजे काय असायचं, ते नव्या पिढीला सांगून पटत नाही. समजा, झोपायच्या खोलीची खिडकी चार फुटांची पाच फूट करायची. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं ओढलेली रेघ आधी अर्ध्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची. कागद फाटू द्यायचा नाही. खरवडलेल्या जागी रबर फिरवून तो गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी शाई पसरते. मग नवी रेघ. हे झालं प्लॅनमध्ये. मग एलिव्हेशनमध्ये तीच खिडकी. सेक्शन त्या खोलीतून जात असेल तर तिथे. मग खिडक्यांचा तक्ता, लिंटेलचा तपशील, विजेच्या नकाशातली ती भिंत. एका खिडकीसाठी सहा-सात ठिकाणी ब्लेड चालवावं लागे. त्यानंतर अमोनियाच्या वासात उभं राहून पुन्हा प्रिंट काढायच्या. जॉन हर्शल ह्या शास्त्रज्ञानं 1842 साली शोधलेल्या निळ्या छापाच्या पद्धतीवरून ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द रूढ झाला. आमच्या वेळेपर्यंत निळ्यावर पांढऱ्या रेघा जाऊन पांढऱ्यावर गडद रेघा आल्या होत्या. शब्द मात्र तोच राहिला.

ह्या पद्धतीत चूक व्हायची ती ठरलेली. सहा ठिकाणी बदल केला आणि सातवं राहिलं. प्लॅन पाच फूट म्हणतो, तक्ता चार फूट म्हणतो. सीमाभागातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत एक, जमिनीच्या उताऱ्यावर कानडीत दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत तिसरं असतं. एक कागद दुरुस्त केला म्हणून दुसरा आपोआप सुधारत नाही. प्रत्येक कचेरीत वेगळं जावं लागतं, आणि एखादी राहतेच.

हे दुखणं एका रेघेनं बरं करता येईल, असं पहिल्यांदा दाखवलं ते आयव्हन सदरलँड ह्या तरुण अमेरिकन संशोधकानं. 1963 साली एमआयटीत पीएच.डी.साठी त्यानं ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम केला. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं आकृती काढायची सोय त्यात होती, पण माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट दुसरीच होती. एक मूळ आकृती काढायची आणि तिच्या हव्या तितक्या नकला चित्रात ठेवायच्या. मूळ आकृती बदलली की सगळ्या नकला बदलायच्या. पुढे 1975 साली चार्ल्स ईस्टमन ह्या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकानं अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेच्या मासिकात लेख लिहून मांडलं की इमारतीचे नकाशे ठेवण्याऐवजी कॉम्प्युटरमध्ये इमारतीचंच वर्णन ठेवावं. म्हणजे बदल एकदाच करावा लागेल आणि पुढचे सगळे नकाशे त्याप्रमाणे निघतील. त्या काळात आम्ही इकडे ब्लेडला धार आहे की नाही ते बघत होतो.

मग 1982 च्या डिसेंबरात ऑटोकॅड आलं. आमच्या ऑफिसांत ते पोचायला आणखी काही वर्षं गेली. ब्लेड गेलं, पण खरं म्हणजे दुखणं गेलं नाही. ज्या तऱ्हेनं आम्ही ते वापरायचो त्यात रेघ ही रेघच होती. प्लॅनमधल्या चार रेघा म्हणजे खिडकी आहे, हे मला ठाऊक, कॉम्प्युटरला नाही. त्यामुळे सहा ठिकाणी बदल करायचा तो करावाच लागे; फक्त हात काळे होत नसत. ईस्टमनच्या कल्पनेतलं सॉफ्टवेअर दोन वाटांनी आलं. हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचं आर्किकॅड 1987 सालापासून ‘आभासी इमारत’ ही भाषा बोलू लागलं. अमेरिकेत 2000 साली रेव्हिट बाजारात आलं आणि 2002 साली ते ऑटोडेस्कनं 13 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतलं. ‘रेव्हिट’ हे नावच मुळी ‘ताबडतोब सुधारा’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून बेतलेलं आहे.

ह्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही नकाशा काढत नाही, घर रचता. भिंत म्हटली की तिला लांबी, जाडी, उंची असते. खिडकी भिंतीत बसते. भिंत सरकली की खिडकी तिच्याबरोबर सरकते. आणि प्लॅन म्हणजे काय? त्या घराला फरशीपासून साधारण 1,200 मिलिमीटर उंचीवर आडवं कापून वरून बघितलं तर जे दिसेल ते. सेक्शन म्हणजे उभं कापून बघितलेलं. तक्ता म्हणजे त्याच खिडक्यांची केलेली मोजदाद. कागद निराळे दिसतात, पण एकाच घराकडे बघायच्या त्या निरनिराळ्या खिडक्या. म्हणून खिडकी प्लॅनमध्ये रुंद करा, ती एलिव्हेशनमध्ये, सेक्शनमध्ये, तक्त्यात, सगळीकडे त्याच क्षणी रुंद होते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी आणि माझ्या शेजारी बसलेला मुलगा, दोघंही काही वेळ उगाचच एक भिंत इकडेतिकडे सरकवत बसलो होतो.

पण हळूहळू ध्यानात आलं की ह्या घरातही सगळं काही जिवंत नसतं. मॉडेलमधून वाचलेला आकडा जिवंत असतो. खिडकीच्या शेजारी कुणी हातानं ‘4 फूट खिडकी’ असं टाइप केलं तर तो आकडा मेलेला असतो. खिडकी सहा फूट झाली तरी तो चारच म्हणत राहतो. सेक्शनवर शोभेसाठी नुसत्या रेघांनी काढलेलं फरशीखालचं मुरमाचं भरावही तसंच. जोत्याची उंची वाढवली तरी ते बिचारं जुन्या जागी बसून राहतं. रेव्हिट ह्याबाबत थोडं कडक आहे. त्यातल्या मापावर खऱ्याऐवजी दुसरा आकडा लिहायला गेलं तर ते सरळ नकार देतं; शब्द लिहा म्हणतं, आकडा नाही. ऑटोकॅडमध्ये मात्र माप दहा फूट असताना त्यावर अकरा लिहिता येतं, आणि घाईच्या दिवशी लोक ते लिहितात.

कधी कधी नकाशा खरं बोलत असूनही काहीतरी सांगायचं राहतं. बाथरूमचा व्हेंटिलेटर माणसाच्या डोक्याच्या वर असतो. प्लॅनचा काप 1,200 वर, म्हणून तो प्लॅनमध्ये दिसतच नाही. हातानं काढायचे दिवस होते तेव्हा आम्ही तो तुटक रेघेनं न चुकता दाखवायचो, कारण गवंड्याला भिंतीत भोक ठेवायचं आहे, हे आम्हाला माहीत होतं. सॉफ्टवेअरला ते वेगळं सांगावं लागतं.

आर्किकॅडची रीत आणखी वेगळी. त्यात सेक्शन तीन तऱ्हांनी ठेवता येतो: आपोआप ताजा होणारा, सांगितलं की ताजा होणारा, आणि मॉडेलशी नातं तोडून नुसतं चित्र होऊन राहणारा. शेवटी ज्या शीटवर नकाशा लावायचा, तिथेही तो आपोआप ताजा व्हावा की हातानं, हे ठरवता येतं. मला सुरुवातीला वाटे, हा पर्याय ठेवलाच कशाला? सगळं आपोआप होऊ द्या की. मग कळलं की गोठलेल्या नकाशाचीही गरज असते. मंजुरीचा शिक्का बसला तो नकाशा बदलता कामा नये. ठेकेदारानं ज्यावर दर दिला तो नकाशाही बदलता कामा नये. उद्या वाद झाला तर त्या दिवशी काय ठरलं होतं, ते दाखवणारा कागद हवाच. जिवंत आणि गोठलेला, दोन्ही पाहिजेत. कुठला कुठला ते मात्र ज्याच्या हातात कागद आहे त्याला समजलं पाहिजे.

तीनएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका कुटुंबाचं दुमजली घर चाललं होतं. घरातल्या आजी तळमजल्यावरच्या खोलीत राहणार होत्या. त्यांना बसल्या जागेवरून अंगण दिसावं म्हणून त्यांच्या खिडकीची रुंदी 1.20 मीटरची 1.80 करायची ठरली. आमच्या ऑफिसातल्या तरुण मुलानं तो बदल केला. आता गंमत अशी की मॉडेलमध्ये ती खिडकी ‘डब्ल्यू-2’ ह्या जातीची होती आणि त्या जातीच्या घरात एकंदर सहा खिडक्या होत्या. त्यानं जातीचंच माप बदललं. सदरलँडच्या स्केचपॅडमधली मूळ आकृती बदलली की सगळ्या नकला बदलायच्या, तेच इथे झालं. आजींच्या खोलीबरोबर स्वयंपाकघराची, वरच्या दोन खोल्यांची, देवघराची आणि जिन्याची अशा सहाही खिडक्या सहा फुटांच्या झाल्या. प्लॅनमध्ये सहा फूट, एलिव्हेशनमध्ये सहा फूट, तक्त्यात सहा फूट. सगळे कागद एकमेकांशी जुळत होते. मुलाच्या पडद्यावर फक्त आजींची खोली उघडी होती, आणि ती बरोबर होती.

मला प्रिंट काढून लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक कागद वाचायची जुनी सवय आहे. तरुण मुलं हसतात, हसू देत. जिन्याच्या भिंतीवर पेन्सिल थांबली. तिथे आर.सी.सी. इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणे खांब येत होता आणि खिडकी त्यात शिरत होती. इंजिनिअरची फाइल वेगळी होती, म्हणून मॉडेलला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. मग आम्ही डब्ल्यू-2 पूर्ववत केली, आजींच्या खिडकीसाठी ‘डब्ल्यू-2 अ’ अशी नवी जात तयार केली, आणि पाच खिडक्या चार फुटांच्या, एक सहा फुटांची, असा हिशेब जुळला.

पण कागद माझ्या टेबलावर यायच्या आधीच घरमालकानं घाईनं मागितली म्हणून मधली पीडीएफ साइटवर गेली होती. पीडीएफ म्हणजे मॉडेलचा फोटो. मॉडेल बदललं म्हणून फोटो बदलत नाही. दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो तर सुतार पहिली प्रिंट पसरून बसलेला. तो मला म्हणाला, “हे बघा की ओ, माझ्या कागदात साऱ्या खिडक्या चार फूट हाईत. मिस्त्रींच्या मोबाइलात साऱ्या सहा फूट हाईत. आता तुम्ही हे तिसरं घिऊन आला. मी चौकट कुठली करू?” सेंटरिंगवाला गोकाककडचा, कानडी बोलणारा. त्यानं मोबाइल बघून जिन्याच्या खिडकीवर सहा फुटांच्या लिंटेलच्या फळ्या बांधल्या होत्या. त्यानं तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारलं, “इदराग याव्दु खरे री?” ह्यातला खरा कुठला? ‘खरे’ हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच आहे, म्हणून तो प्रश्न मराठी सुताराला भाषांतर न करता कळला.

मी तिन्ही कागदांकडे बघत राहिलो. पहिला संच आतून जुळता, दुसरा आतून जुळता, तिसराही आतून जुळता. पूर्वी चूक शोधायला एक वाट होती: प्लॅन आणि तक्ता जुळत नसले की काहीतरी राहिलंय, हे कळायचं. विसंगती हीच आमची घंटा होती. आता संचात विसंगती उरलीच नव्हती, म्हणून घंटाही वाजली नव्हती. कागदाच्या कोपऱ्यात सुधारणा क्रमांक लिहायचा चौकोन असतो. तिन्ही कागदांवर तो कोरा होता. त्या दिवशी फळ्या सोडवाव्या लागल्या आणि सुतारानं आजींच्या खोलीसाठी एक चौकट नव्यानं केली. एवढ्यावर निभावलं. काँक्रीट पडलं असतं तर फोडावं लागलं असतं.

ह्यावरून कुणी म्हणेल, जुनी पद्धतच बरी. तसं मी म्हणणार नाही. हातानं काढलेल्या कागदांच्या काळात फार भयंकर गोष्टी घडल्या आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एका मोठ्या हॉटेलच्या दालनात छतापासून टांगलेले पूल होते, एकाखाली एक. मूळ नकाशात वरचा आणि खालचा पूल एकाच अखंड लोखंडी गजावर टांगायचा होता. जोडकाम सोपं व्हावं म्हणून एकाऐवजी दोन गज करायचे ठरले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण त्यामुळे खालच्या पुलाचं सगळं ओझं वरच्या पुलाच्या तुळईला लटकलं आणि तिथल्या नटावर दुप्पट भार आला. बदललेला नकाशा इंजिनिअरांच्या कचेरीतून शिक्का घेऊन परत आला होता. 17 जुलै 1981 ह्या दिवशी ते पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. बदल कागदावर पोचला होता. त्याचा अर्थ कुणी वाचला नव्हता.

मला सांगायचं आहे ते इतकंच. बदल पोचवायचं काम सॉफ्टवेअर आता माणसापेक्षा चांगलं करतं, आणि ब्लेडनं बोटं कापून घेतलेल्या माणसाला त्याचा आनंदच आहे. पण बदल झाला आहे, कुठे झाला आहे आणि कशासाठी झाला आहे, हे समोरच्याला कळवणं वेगळं काम आहे, आणि ते अजून माणसाकडेच आहे. ब्लेड चालवताना सात कागद सात वेळा डोळ्यांखालून जायचे. ती मेहनत होती तशी ती तपासणीही होती. मेहनत गेली ते उत्तम झालं. तिच्याबरोबर तपासणीही गेली, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

ज्यांच्या घरात बांधकाम निघणार आहे त्यांना म्हणून दोन-चार गोष्टी सुचवतो. नकाशा हातात आला की आधी कोपरा बघा. तारीख आणि सुधारणा क्रमांक नसेल तर कागद परत द्या, तुमचा हक्क आहे. बदल सांगितलात तर विचारा, “ह्यानं आणखी काय काय बदललं?” बदललेल्या जागेभोवती ढगासारखी वेलांटी काढून शेजारी त्रिकोणात क्रमांक घालायची पद्धत आहे, ती मागा. सॉफ्टवेअरमध्ये तो ढग माणसालाच काढावा लागतो. मोबाइलवर नवा नकाशा आला की जुना तिथल्या तिथे पुसायला सांगा. कागदाची जुनी प्रिंट तर परत घ्याच. साइटवर दोन खरे असू नयेत.

त्या घरापासून आम्ही प्रत्येक साइटवर एक साधी शंभर पानी वही ठेवतो. नवा नकाशा दिला की तारीख, शीटचा क्रमांक, सुधारणेचा क्रमांक, काय बदललं ते एका ओळीत, आणि घेणाऱ्याची सही. शेवटचा रकाना जुना कागद परत आल्याचा. त्यात सुतार मराठीत लिहितो, “जुना परत दिला.” सेंटरिंगवाला त्याखाली आपल्या लिपीत तेच लिहितो, “हळेदु वापस कोट्टेनि.” ह्या वहीला अजून कुठलंही सॉफ्टवेअर जोडलेलं नाही.